क्लीनरची सीट

आमच्या घरात ट्रक मी चालवायचे आणि माझा नवरा क्लीनर असायचा. हे मी एकदा शाळेत सहज बोलून गेले, तेव्हा स्टाफरूममधल्या बाया माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सांगावं लागलं की ट्रक टीव्हीवरचा आहे, व्हिडिओ गेममधला.

मी सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नवरा सोनपेठमध्येच एका खाजगी शाळेत क्लार्क. लग्न ठरायच्या वेळी माझ्या भावानं त्यांची सगळी चौकशी केली होती, नोकरी, व्यसन, घरची माणसं, आणि येऊन म्हणाला होता, "माणूस चांगला हाय. फक्त टीव्हीला वायर लावून कायतरी खेळत असतो म्हणे." आई म्हणाली, "खेळू दे की. पत्ते तर खेळत न्हाई." विहारात लग्न लागलं आणि मी सोनपेठला आले. टीव्हीखाली ते काळं यंत्र होतं आणि त्याला दोन कंट्रोलर. एक झिजून गुळगुळीत झालेला, दुसरा जवळपास नवाच.

गेम त्यांच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा. नांदेडला शिकायला असताना एका मित्राच्या खोलीवर त्याचा पहिला भाग खेळले, दुसरा भाग आला तेव्हा नोकरी लागली होती, म्हणून स्वतःचं जुनं यंत्र घेतलं. कुठल्यातरी थंड, परक्या देशातले डोंगरातले रस्ते आणि एक म्हातारा ट्रक. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. माल भरायचा आणि पोचवायचा. लाकडं, दुधाचे कॅन, कधी शाळेचे बाक, एकदा तर एक पियानो. एकानं चालवायचं. दुसऱ्यानं शेजारच्या सीटवर बसून नकाशा बघायचा, माल दोरांनी बांधायचा, चढावर ट्रक थांबला तर उतरून चाकामागे दगड लावायचा, मागे घेताना आवाज द्यायचा. टीव्ही एक, माणसं दोन. गेममध्ये त्या दुसऱ्या माणसाला काहीतरी इंग्रजी नाव होतं. आमच्याकडे तो क्लीनरच.

लग्नानंतर पहिलं वर्षभर मी त्या यंत्राला हात लावला नाही. ते एकटे खेळायचे, कॉम्प्युटर क्लीनर व्हायचा, आणि मी आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच करायचे.

लेकरू गेलं, त्यानंतर लावला.

पहिलं बाळंतपण म्हणून मी पालमला माहेरी गेले होते. आठव्या महिन्यात एका सकाळी लक्षात आलं की पोटात काही हलत नाही. भावानं जीप केली आणि परभणीला नेलं. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि आईला बाहेर बोलावलं. दुपारी मी मोकळी झाले. नवऱ्याला फोन गेला होता, पण ते त्या दिवशी शाळेच्या कामानं संभाजीनगरला होते. एसटी बदलत बदलत परभणीला येईपर्यंत दिवस मावळला. तोवर भावानं लेकराला कपड्यात गुंडाळून पालमला नेलं होतं आणि आमच्या शेताच्या बांधाला पुरलंही होतं. ते आले आणि माझ्या कॉटपाशी उभे राहिले. कॉटच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी देऊ का?" मी नको म्हणाले. लेकराबद्दल आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

मी सोनपेठला परतले तेव्हा घरात आवाज नव्हता. ते शाळेत जायचे, मी रजेवर. स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची. ते रागावलेले नव्हते, मीही नव्हते. दोघांनाही तोंड कुठून उघडावं ते कळत नव्हतं, म्हणून कुणीच उघडलं नाही. एका रविवारी दुपारी मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते आले आणि तो नवा कंट्रोलर माझ्या हाताजवळ ठेवला.

"तू चालव."

"मला येत नाही."

"मी सांगतो की. मी क्लीनर होतो."

का उठले ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक नाही म्हणायलासुद्धा ताकद लागते, ती नव्हती. पहिल्याच वळणाला मी ट्रक दरीत घातला. दुसऱ्यांदा एका गोठ्याच्या दारात माल उतरवायचा होता आणि ट्रक मागे घ्यायचा होता. त्यांचा तो छोटा माणूस पडद्यावर खाली उतरला, ट्रकच्या मागं बर्फात जाऊन उभा राहिला, आणि इकडे माझ्या शेजारी हे पलंगावर बसून थेट आपल्या अड्ड्यावरच्या पोरासारखे ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... अगं थांब थांब थांब!" मी थांबले नाही. मला थांबायचं बटण माहीत नव्हतं. त्यांचा माणूस ट्रक आणि गोठ्याच्या मधे सापडून आडवा झाला. मला हसू आलं. हसता हसता माझा आवाज घरात घुमला तेव्हा मीच दचकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टीव्हीकडे बघत म्हणाले, "मारलंस की नवऱ्याला."

त्यानंतर ते रोजचं झालं. स्वयंपाक उरकला की आम्ही बसायचो. लाईट गेली तर अंधारात कंट्रोलर हातात धरून वाट बघायचो. तिसरा भाग आला तो आम्ही दोघांनी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवला. मी चांगली ड्रायव्हर झाले. उतारावर ब्रेक न लावता गिअर खाली घ्यायला शिकले, भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक हाताला वेगळा लागतो हे शिकले. हे दोर बांधण्यात पटाईत. आमचं बोलणं सगळं रस्त्याचं असायचं. पुढे पूल आहे. डावीकडचा दोर ढिला झालाय. दमलीस का, थांबू या का. परत दिवस गेले नाहीत. तपासण्या झाल्या, औषधं झाली, मग तीही आपोआप बंद झाली. या सगळ्या काळात आम्ही मोडलो नाही, त्याचं बरंचसं श्रेय मी त्या ट्रकला देते. कुणी हसलं तरी चालेल.

चौथा भाग येणार म्हणून कित्येक वर्षं नुसती चर्चा होती. जगभरातले चाहते वाट बघत होते, हे त्या चर्चा वाचायचे आणि जेवताना मला सांगायचे. तो चालायला नवं यंत्र लागणार होतं, तेही आणलं. ज्या दिवशी गेम आला त्या दिवशी मी शाळेतून येताना भजी आणली होती. ते जमिनीवर टीव्हीपुढे बसून दोन्ही कंट्रोलर पुसत होते.

गेम सुरू झाला. डोंगर असे की खरेच वाटावेत. बर्फावर ऊन पडलं होतं, लांब एक गाव दिसत होतं. मी "बाई गं" म्हणाले. मग त्यांनी दुसरा कंट्रोलर चालू केला. काही झालं नाही. परत केला. सेटिंगमध्ये गेले, एकेक पान उघडून बघायला लागले.

"काय शोधायलात?"

"दोघांचं कुठंय ते बघायलोय."

भजी गार झाली. त्यांनी फोनवर शोधलं, दुसऱ्या कुणाला मेसेज केला, उत्तर आलं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. "काढून टाकलंय," ते म्हणाले. "आता ज्याचा त्याचा ट्रक. दुसऱ्याला खेळायचं तर दुसरं यंत्र, दुसरा टीव्ही, नेट."

"आणि क्लीनर?"

"क्लीनरच न्हाई."

एकट्यानं चालवायला घेतलं तेव्हा ते नीट कळलं. रस्त्यावर जिकडे तिकडे पिवळा बाण, म्हणून नकाशा बघायला कुणी नको. दोर आपोआप बांधले जात. चाक रुतलं तर एक बटण दाबलं की ट्रक रस्त्यावर. एका बाईचा गोड आवाज पुढचं वळण सांगायचा. केबिनमध्ये शेजारची सीट मात्र होती. चांगली रेक्झिनची, शिवण दिसेल इतकी बारकाईनं काढलेली. तिच्यावर कुणी बसू शकत नव्हतं.

त्यांना राग आला हे मला समजत होतं. मलाही आला होता. चाहत्यांचा एक मराठी ग्रुप होता, त्यात सगळेच भडकले होते. कुणाला इंजिनाचा आवाज पटला नव्हता, कुणी म्हणायचं ट्रकला वजनच उरलं नाही, कुणाला ते पैसे देऊन विकत घ्यायचे रंग आणि स्टिकर खुपत होते. हे रोज लिहायचे. मग कुणीतरी सुचवलं की सर, तुमी बोलता चांगलं, व्हिडिओ करा. यांनी फोनला स्टँड आणला आणि चॅनल काढलं.

सुरुवातीला मीही मदत केली. रविवारी सकाळी ते बोलायचं वाचून दाखवायचे आणि मी मुलांचे निबंध तपासते तशी तपासायचे. "पुस्तकी बोलू नका. वजन जाणवत नाही म्हणा, सरळ." त्यांनी आपल्या परभणीच्या बोलीतच बोलायचं ठरवलं आणि तेच लोकांना आवडलं. "भरला ट्रक घाटात कण्हत होता राव. आता बघा, काड्यापेटी पळायलीय." पुण्यामुंबईची, परदेशातली मराठी पोरं त्यांचं ते वाक्य कॉमेंटमध्ये परत परत लिहायची. शाळेत ज्यांच्याकडे टी.सी. आणि बोनाफाईडपलीकडे कुणी काही मागत नव्हतं, त्या माणसाला लोक मत विचारायला लागले. मला बरं वाटायचं.

पण आमचं बसणं बंद झालं. एकदा मी म्हटलं, "जुना लावू या का? तिसरा?" तर म्हणाले, "थांब, कॉमेंट बघायलोय." दुसऱ्यांदा म्हटलं, तर म्हणाले, "आज नव्यातला पूल तपासायचाय, त्यावर लोकांनी विचारलंय." जो गेम आवडत नव्हता तो ते रोज खेळत होते, एकटे, चुका शोधत, वहीत लिहीत. जो आवडत होता त्याच्यावर धूळ बसली. मी पलंगाच्या एका टोकाला बसून मुलांच्या वह्या तपासायचे आणि त्यांच्या कानाला हेडफोन असायचा. लेकरू गेल्यानंतरच्या दिवसांतली शांतता परत घरात आली होती, फरक एवढाच की आता ती एकटी माझ्याच वाट्याला होती.

मग कंपनीनं चाहत्यांना उत्तर दिलं. एका टीव्हीवर दोघांनी खेळण्याची सोय फार थोडे लोक वापरत होते, म्हणून ती काढली, असं त्यात होतं. यांनी ते मला वाचून दाखवलं आणि दोनतीनदा म्हणाले, "फार थोडे. फार थोडे म्हणतात." त्या रविवारी मी एका सहकारी बाईच्या मुलीच्या लग्नाला मानवतला गेले होते. माझ्या मागे त्यांनी व्हिडिओ केला.

मला तो सोमवारी शाळेत कळला. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, सरांचा व्हिडिओ बघितला बघा. आमच्या लेकानं दाखवला. एवढं मोठं दुःख, आन् तुमी कधी बोलला न्हाईत." मला काहीच उमगलं नाही. हात सोडवून घेतला, "हो" म्हणाले, आणि घंटा झाल्यावर वर्गात जाऊन पाढे घेतले.

शाळा सुटल्यावर मुलं गेली. रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून मी तो व्हिडिओ लावला. नेहमीसारखे ते आमच्या पलंगावर बसले होते, मागे आमचीच निळ्या फुलांची चादर. म्हणत होते, "कंपनी म्हणते फार थोडे लोक. ते थोडे लोक म्हणजे आम्ही, मी आणि माझी बायको." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मी पालमला गेले ते, फोन, एसटी, पोचायला झालेला उशीर. एसटीत एकटेच मागच्या सीटवर बसून तोंडात रुमाल धरून रडले तेही. हे मला माहीत नव्हतं. परतल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि मी तिच्या हातात कंट्रोलर दिला, कारण मला दुसरं काही देता येत नव्हतं, असं ते म्हणाले. हेही मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "आमचा मुलगा राहिला नाही. पण आमचा संसार राहिला, तो या दुसऱ्या सीटमुळे."

मुलगा.

आमची मुलगी होती.

मी मागे जाऊन परत ऐकलं. मुलगा. आणखी एकदा म्हणाले, "तो असता तर आज शाळेत जात असता." खाली कॉमेंट वाहत होत्या. तुमच्या मुलाला आदरांजली, दादा. लहान भावाला शांती लाभो. हजार अनोळखी माणसं माझ्या न झालेल्या मुलासाठी रडत होती.

घरी गेले. ते फोन घेऊन दारातच उभे होते, चेहरा उजळलेला. "बघितलंस? बाहेरच्या देशातल्या लोकांनी इंग्रजीत करून पसरवला. आता कंपनीला ऐकावंच लागणार."

"मला विचारलं नाही तुमी."

त्यांनी फोन खाली घेतला. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

मी आत गेले. मुलगी होती हे त्या दिवशी मी बोलले नाही. बोलले असते तर ते त्यांच्या चुकीबद्दलचं भांडण झालं असतं, आणि तिला मला भांडणात आणायचं नव्हतं. त्यानंतर आम्ही नीट वागलो. चहा, डबा, सुट्टीच्या दिवशी बाजार. बाजारात लोक थांबवून त्यांच्याशी बोलायचे, माझ्याकडे दयेनं बघायचे. मी भाजी निवडत राहायचे.

आणि खरंच कंपनी नमली. एकट्या यांच्या व्हिडिओमुळे नव्हे, जगभर ओरड चालूच होती, पण ग्रुपवाल्यांच्या मते जिंकले हेच. अपडेट येणार, शेजारची सीट परत मिळणार, असं जाहीर झालं. त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. सासूबाईंना गावी फोन लावून सांगितलं, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. मग माझ्याजवळ पलंगावर बसले आणि म्हणाले, "तुला एक दाखवायचंय. ग्रुपच्या पोरांनी आपल्यासाठी केलंय."

ते ट्रकच्या दारावर लावायचं स्टिकर होतं. चित्र छान काढलं होतं. केबिनच्या खिडकीतून एक लहान मुलगा हात बाहेर काढून हसतोय. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर क्लीनरचा गमछा. शेकडो लोकांनी आपापल्या ट्रकला ते लावलं होतं, एकेकाचे फोटो ते मला दाखवत होते. बोट स्क्रीनवरून सरकत होतं आणि त्यांचे डोळे ओले होते. "बघ ना," ते म्हणाले, "कसा बसलाय."

"मुलगी होती," मी म्हणाले.

"काय?"

"आपली मुलगी होती. मुलगा नव्हता."

त्यांचं बोट तिथंच राहिलं. मी चेष्टा करतेय की काय असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी आई तर म्हणाली... दवाखान्यात रडत होती ना, पोरगं गेलं, पोरगं गेलं."

"आई पोरगंच म्हणणार. आमच्या शेजारच्या पोरीलाही ती पोरगंच म्हणते. सगळेच म्हणतात, पोरगं, लेकरू."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी विचारलं नाही."

हे मी टोचून बोलले नव्हते. खरं तेवढं सांगितलं होतं. फोन विझला, त्यांनी तो बाजूला ठेवला नाही, तसाच हातात धरून बसले. पेढ्यांचा पुडा आमच्या दोघांच्या मधे होता. मग म्हणाले, "तू बघितलंस तिला?"

तिला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा.

मी सांगितलं. आईनं आणि सोबत आलेल्या मावशीनं नको म्हटलं होतं, बघितलं की जास्त त्रास होतो म्हणाल्या. मी हट्ट धरला नाही, माझ्यात जोर नव्हता. पण तिथली एक सिस्टर, वयानं माझ्याएवढीच, त्या दोघी बाहेर गेल्यावर तिला घेऊन आली. म्हणाली, "मुलगी आहे. बघा एकदा." हिरव्या कपड्यात होती. डोक्यावर एवढे केस. ओले, कपाळाला चिकटलेले. मी बोटानं ते मागे सारले. मग भाऊ आला आणि घेऊन गेला.

ते ऐकत होते. रडले नाहीत. मी रडले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर म्हणाले, "व्हिडिओ काढून टाकला."

"दुरुस्त करून सांगायचं होतं ना, तुमच्या मनात असेल तर."

"नको. ती लोकांची न्हाई."

ग्रुपमध्ये गोंधळ उडाला. ऐन विजयाच्या वेळी व्हिडिओ गायब म्हणजे यांना कंपनीनं विकत घेतलं, असं लोक लिहायला लागले. ज्यांनी दादा दादा केलं होतं त्यांनीच विकलेला म्हटलं. कुणी लिहिलं की गोष्टच खोटी होती, मूलबील काही नव्हतंच, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायला रचलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. "उत्तर द्या की," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. एका ओळीचंही उत्तर दिलं नाही. ज्या माणसानं एका बाणासाठी पंधरापंधरा मिनिटं वाद घातला होता, तो यावर गप्प राहिला. त्यांना ते किती जड जात होतं ते मला दिसत होतं. जेवण कमी झालं होतं.

मग आम्ही पालमला गेलो. त्यांनीच म्हटलं, जाऊ या. एसटीतून उतरलो, आईकडे चहा घेतला. भावाला मी आधीच फोनवर सांगितलं होतं. तो आम्हाला शेताकडे घेऊन गेला. सोयाबीन काढून झालं होतं, रान मोकळं होतं. बांधाशी येऊन तो इकडे गेला, तिकडे गेला, थांबला.

"हितं बोरीचं झाड होतं एक," तो म्हणाला. "बोरीच्या बुडाशी. पण मागं रस्ता रुंद केला ना भाऊजी, मशीन आलं, बांध सरकला. बोर गेली. हितंच कुठंतरी हाय. नक्की सांगता येत न्हाई आता."

तो मान खाली घालून उभा राहिला. त्याचीही त्यात काही चूक नव्हती. नवरा चपला काढून पुढे गेले. काळ्या ढेकळांत उभे राहिले, थोडे इकडे सरकले, थोडे तिकडे. कुठं उभं राहायचं हेच त्यांना कळत नव्हतं. शेवटी जिथं होते तिथंच बसले आणि जमिनीला हात लावला. मी जवळ गेले. आम्ही हळू आवाजात वंदना म्हटली. मला मधेच शब्द आठवेनात, त्यांनी पुढे नेलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यावर मोठ्यानं गाणी लागली होती.

अपडेट ठरल्याप्रमाणे आलं. एका रविवारी आम्ही लावून बघितलं. शेजारच्या सीटवर आता माणूस बसत होता. पण तो नुसता बसायचा. उतरायचं नाही, दोर बांधायचे नाहीत, दगड लावायचा नाही. बाण होताच, गोड आवाज होताच. मी चालवत होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. दोन गावं मागे पडल्यावर त्यांनी कंट्रोलर मांडीवरून खाली ठेवला. "चांगली चालवतेस," म्हणाले, आणि थोडा वेळ नुसतं बघत बसले. ग्रुपमध्ये परत ओरड सुरू झाली होती की कंपनीनं तोंडाला पानं पुसली. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांतल्याच काहींनी मेसेज केले, सर, झालं गेलं विसरा, यावर तुमचा व्हिडिओ पाहिजेच. त्यांनी लिहिलं, मला जमणार नाही. स्टँड शाळेतल्या एका शिक्षकाला देऊन टाकला.

जुना तिसरा भागही आम्ही परत लावला नाही. दोघांपैकी कुणी नको म्हटलं असं नाही. जुनं यंत्र अजून टीव्हीखाली आहे, मी रविवारी पुसते.

आता ते मधेच काहीतरी विचारतात. कधी नळाला पाणी आलेलं असतं आणि आम्ही हंडे भरत असतो, कधी बसस्टँडवर उभे असतो. तिचा रंग कुणासारखा होता. वजन हाताला किती लागलं. ती सिस्टर अजून तिथंच असेल का. मला ठाऊक असतं ते मी सांगते, नसतं तिथं ठाऊक नाही म्हणते. मागच्या आठवड्यात मी वाळलेले कपडे घडी घालत होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, दूध आणायला निघालेले, हातात किटली.

"नखं होती का गं तिला?"

"होती. इवलीइवली."

त्यांनी मान हलवली, पायात चपला सरकवल्या आणि दूध आणायला गेले.